खान्देश : शाळा अठराव्या वर्षी सुटते, मग पुढे आपल्या दिव्यांग मुलांसाठी गावातच काय करता येईल?

तापीकाठची_लेक :
नमस्कार मंडळी. हा धागा काढायचा काढायचा म्हणत राहून जात होतं, आज बसलेच लिहायला. माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे. बौद्धिक दिव्यांग, ७५ टक्क्यांचा दाखला, शिवाय फिट्स येतात, गोळ्या रोज चालू. माहेर चोपडा तालुक्यात, मला शिरपूरला दिलेलं. आईबाबा साठी ओलांडून गेलेत, बाबांचे गुडघे गेलेत, आईला शुगर. भाऊ तालुक्याच्या विशेष शाळेत होता तोवर सकाळी गाडी यायची, डबा, गणवेश, सगळं ठीक होतं. अठरा झाले आणि शाळा संपली. त्या शाळेतनं बाहेर पडलेली त्याच्या वयाची पोरं आज काय करतात म्हणाल तर घरात बसून आहेत, बहुतेक टीव्हीसमोर, आणि वजन वाढतंय, चिडचिड वाढतेय, आयांचं बाहेर पडणं बंद झालंय.

आमच्या नशिबाने गावात दूध डेअरी आहे. भाऊ रोज सकाळी तिथे जातो. किटल्या ओळीने लावणं आणि झाकणं बरोब्बर ज्याच्या त्याच्या किटलीला घालणं हे काम त्याने स्वतःच धरलं, कोणी शिकवलं नाही. त्याला वाचता येत नाही, पण कोणत्या किटलीला कुठे पोचा आहे आणि कोणाच्या कडीला सुतळी बांधलीय हे त्याला पाठ आहे, गर्दीच्या वेळी सेक्रेटरी त्यालाच विचारतात ही कोणाची रे. चहा मिळतो, दिवाळीला इतरांसारखं पाकीट मिळतं. एवढ्या दोन तासांनी त्याचा अख्खा दिवस सरळ जातो, आणि त्या दोन तासांत आई आंघोळ, देवपूजा, शेजारी जाऊन बसणं करून घेते.

माझं म्हणणं एवढंच आहे की लांबच्या शहरात नेऊन ठेवायची सोय शोधण्याआधी आपल्याच गावात, फार तर तालुक्याच्या ठिकाणी, या मुलांना दिवसा जायला एक जागा आणि घरच्यांना थोडी उसंत हे आपण उभं करू शकतो का. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्ह्यांतले लोक इथे आहेत. तुमच्याकडे काय चाललंय, काय जमलं, काय अडलं, सगळं लिहा. कागदपत्रांचं पण लिहा, त्यात सगळेच अडकतो.

झोका_आखाजीचा :
ताई तुमनं खरं शे. आम्हना गावमा बी असाच एक पोऱ्या शे, आख्खं गाव तेले वळखस. माय-बाप कापूस येचाले जातस तवय तो शेजारनी आजीना घर बसस, आजी सरकी निवडस तर तोबी निवडस. कोणी तेले येडा म्हनं तर आजी काठी लिसन उठस. पन आजी आते थकी गयी. तिना मागे कोन, हाऊच सवाल शे.

रावेरकर_आई :
वाचलं. तुमच्या भावाचं छान चाललंय, ऐकून बरं वाटलं मनापासून. पण हे चालत्याबोलत्या मुलांचं झालं. माझी मुलगी १६ ची आहे, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांग, फिट्स, नजर कमी, बसताही येत नाही आधाराशिवाय. तिला डेअरीत कोण नेणार आणि ती तिथे काय करणार. गावातल्या लोकांचं प्रेम आहे, हो, येताजाता विचारतात, पण तिला भरवायला एकाही बाईचा हात पुढे येत नाही कारण त्यांना भीती वाटते ठसका लागेल म्हणून, आणि भीती खरी आहे. मी गेल्या आखाजीला माहेरी गेले नाही, कानबाईच्या रोटांना पण घरातूनच हात जोडले. सासरच्या लग्नांना मी आणि हे आळीपाळीने जातो, एकत्र कधीच नाही. गावात सोय गावात सोय म्हणताना आमच्यासारख्या घरांना आधी धरा, नाहीतर जे जरा सोपं आहे तेवढंच होतं आणि आम्ही परत मागे राहतो.

तापीकाठची_लेक :
ताई, अगदी बरोबर आहे तुमचं आणि हे इथे लिहिलंत ते फार बरं केलंत. खरंच तुमच्यापासूनच सुरुवात व्हायला हवी. इथे विशेष शिक्षक, फिजिओ कोणी असेल तर प्लीज सांगा, घराबाहेरच्या माणसाला अशा मुलीला दोन तास सांभाळायला शिकवता येतं का?

पांझरेकाठची_बाई :
मी विशेष शिक्षिका आहे, धुळे जिल्ह्यात बरीच वर्षं या मुलांबरोबर काम करतेय, आता घरी जाऊन शिकवण्याचं जास्त. शिकवता येतं. मी मावश्यांना, आज्यांना, कॉलेजच्या पोरींना शिकवलंय. पण "बघून घ्या कसं करतात" असं करून नाही शिकवता येत, हात धरून शिकवावं लागतं आणि पहिले काही दिवस आईने शेजारी बसावंच लागतं.

भरवण्याचं सांगते कारण ताईंनी तेच विचारलंय. मुलाला आडवं ठेवून कधीच भरवायचं नाही. पाठ टेकलेली, डोकं किंचित पुढे, हनुवटी छातीकडे, मान मागे टाकून तर अजिबात नाही, कारण मान मागे गेली की घास श्वासनळीकडे जायला वाट मोकळी होते. भरवणाऱ्याने उभं न राहता समोर बसायचं, चमचा खालून आणायचा म्हणजे मूल वर बघत नाही. आपल्याकडे वरण पातळ करून पाजतात की सोपं जाईल म्हणून, उलट बऱ्याच मुलांना पातळच जास्त ठसकतं, घट्टसर चालतं. कळण्याची भाकरी नुसती कुस्करली तर कण सुटे राहतात, ती घट्ट वरणात चांगली भिजू द्यायची आणि एकजीव करायची. एक घास गिळला हे बघूनच दुसरा. जेवल्यावर अर्धा तास तरी बसतं ठेवायचं. आणि ज्या मुलाला वरचेवर छातीत कफ होतो, जेवताना आवाज घरघरतो, डोळ्यांत पाणी येतं, त्याला डॉक्टरांना दाखवायचंच, कारण अन्न थोडं थोडं फुफ्फुसात जात असू शकतं.

एका अंगावर फार वेळ राहिलं की जखमा होतात, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. हे पण शेजारणीला शिकवता येतं. आणि उन्हाळा! भुसावळ-जळगावकडे ४५ च्या वर जातो पारा, आपल्या मुलांना तहान लागली हे सांगता येत नाही, फिट्सच्या काही गोळ्यांनी घाम कमी येतो आणि अंग तापतं, तुमच्या मुलाची गोळी त्यातली आहे का हे डॉक्टरांना विचारून ठेवा. लाइट गेली की ओला पंचा मानेवर, काखेत, आणि पाणी घोटाघोटाने.

रावेर, यावल, भुसावळ बाजूच्या आया चार-पाच जरी जमल्या तरी मी येऊन दोन दिवस शिकवायला तयार आहे. मानधन नको, येण्याजाण्याचं बघा फक्त.

रावेरकर_आई :
मान मागे टाकूनच भरवत होतो आम्ही सगळे, सासूबाईंपासून. कोणी सांगितलंच नाही कधी. तुमचा मेसेज सेव्ह केलाय. आया मी जमवते, आमच्या केळी पट्ट्यात आहेत अशी घरं, मला माहिती आहेत.

आशाताई_साक्री :
मी आशा म्हणून काम करते. फिटबद्दल लिहू का. गावात अजून चप्पल हुंगवतात, कांदा फोडून नाकाला लावतात, दातात चमचा घालतात. काहीच करायचं नाही यातलं. कुशीवर वळवा, डोक्याखाली काहीतरी मऊ द्या, आजूबाजूची विळी, दगड, चुलीतलं लाकूड बाजूला करा, हातपाय दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. ५ मिनिटांवर गेली किंवा शुद्धीवर न येता परत दुसरी आली की सरळ दवाखाना, १०८ ला फोन. थांबल्यावर पूर्ण शुद्धीवर येईतो पाणी पण पाजू नका. मी हे महिला मंडळात सांगते आणि किराणा दुकानवाल्यालाही सांगून ठेवलंय कारण पोरगं तिथेच पडतं बऱ्याचदा.

आणि लहान मुलं असतील तर, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम तपासायला येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. लाजेखातर घरी ठेवतात लोक. टीमने चिठ्ठी दिली की जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर हस्तक्षेप केंद्र असतं, डीईआयसी म्हणतात, तिथे थेरपी सुरू होते. मूल जितकं लहान तितका फरक जास्त पडतो.

भुसावळ_जंक्शन :
रेल्वेतनं रिटायर, मुलगा ३४ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांग. कागदांचं मी लिहितो, सगळं टप्प्याटप्प्याने केलंय.

पहिलं म्हणजे युडीआयडी कार्ड, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. त्याशिवाय आता कुठेच काही हलत नाही. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, मग सरकारी दवाखान्यात तपासणी. बौद्धिक दिव्यांगत्वाला सौम्य ५०, मध्यम ७५, तीव्र ९०, अतितीव्र १०० असे टक्के ठरतात. तपासणीला जाताना मुलाला घरी काय काय स्वतः करता येतं काय नाही हे लिहून न्या, कारण नवीन जागी मूल बुजतं, काहीच करून दाखवत नाही किंवा उलट शहाण्यासारखं गुपचूप बसतं आणि त्या दहा मिनिटांवर टक्के ठरतात. तपासणीच्या दिवशी एका दवाखान्यात आम्हाला सकाळपासून बसवून सायंकाळी सांगितलं सायकॉलॉजिस्ट आज नाहीत. तेव्हा आदल्या दिवशी फोन करून विचारून मगच निघा, फिट्सवालं मूल घेऊन एसटीने जाणं काय असतं ते आपल्यालाच माहीत.

दुसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक आईबापांना माहीतच नसतं. मूल १८ चं झालं की कायद्याने आपण त्याचे पालक राहत नाही. तो सज्ञान. बँक, जमीन, कुठेही त्याच्या वतीने सही करायची तर कायदेशीर पालकत्व घ्यावं लागतं. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा १९९९ चा कायदा आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांग आणि बहुविकलांग या चौघांसाठी. त्याच्याखाली प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक स्तर समिती असते, एलएलसी म्हणतात, जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीत. तिथे अर्ज करायचा, कोर्टाच्या फेऱ्या नाहीत, वकील लागत नाही. आईवडील करू शकतात, भाऊबहीण नातेवाईक पण करू शकतात. त्या दाखल्यावर बँकेत खातं चालवता येतं, रिझर्व्ह बँकेने तसं बँकांना कळवलेलं आहे, ब्रँचवाला नाही म्हणाला तर तेवढं सांगा. पालक झाल्यावर सहा महिन्यांत मुलाच्या नावावर काय मालमत्ता आहे त्याची यादी समितीला द्यायची आणि दर वर्षी हिशोब. हे सोडू नका, मुलाच्या संरक्षणासाठीच आहे ते.

तिसरं, निरामय विमा. तोही नॅशनल ट्रस्टचाच आणि त्याच चौघांसाठी. एक लाखापर्यंत कव्हर, आधी मेडिकल तपासणी नाही, वयाची अट नाही, ओपीडी आणि थेरपीचा खर्च पण बसतो, फक्त बिलं आधी आपण भरायची आणि मग मागायची. दर वर्षी रिन्यू करायला विसरू नका.

पेन्शनवाल्यांनी, रेल्वे असो की कुठलं सरकारी खातं, अशा मुलाचं नाव आपण हयात असतानाच फॅमिली पेन्शनसाठी लावून घ्या. स्वतः कमवू शकत नाही अशा दिव्यांग मुलाला ती आयुष्यभर मिळते. आपल्या मागे त्याला कोणीतरी ऑफिसात घेऊन फिरेल या भरवशावर ठेवू नका. रेल्वे प्रवासात मुलाला स्लीपर, थ्री एसीला ७५ टक्के सवलत आहे आणि बरोबरच्या माणसालाही तेवढीच.

पाचोरेकर_पुण्यात :
काका, फारच उपयोगी. इन्कम टॅक्समध्ये दिव्यांग नातलगाला सांभाळणाऱ्यांसाठी ८०डीडी कलम पण आहे ना, ४० टक्क्यांच्या वर ७५ हजार आणि ८० च्या वर सव्वा लाखाची वजावट, जुनी पद्धत निवडली तरच. मी पुण्यात, बहीण (ऑटिझम) आणि आई पाचोऱ्याला. पैसे पाठवतो पण खरं तर काय करावं कळत नाही.

तापीकाठची_लेक :
पाचोरेकर दादा, पैसे लागतातच. पण तुमच्याइतकं दुसऱ्या कोणाला जमणार नाही अशी एक गोष्ट सांगू का, कागदांचं काम ऑनलाइन तुम्ही तिथून करा आणि महिन्यातून एक अख्खा शनिवार-रविवार येऊन बहिणीबरोबर एकटे राहा, आईला मावशीकडे पाठवा. मी हे करते माहेरी. आई पहिल्यांदा गेली तेव्हा दर तासाला फोन करायची, आता करत नाही. आणि भावाचं काय खातो, कशाने चिडतो, कोणत्या वेळेला कोणती गोळी, हे मला आता आईला न विचारता माहीत आहे. उद्या जबाबदारी आपल्याकडेच येणार आहे, ती एकदम अंगावर येण्यापेक्षा आत्ताच हळूहळू हातात घेतलेली बरी, भावाबहिणींसाठी पण आणि त्यांच्यासाठी पण.

सातपुडा_मास्तर :
धडगाव भागात शिक्षक आहे. आमच्याकडचं चित्र वेगळं आहे म्हणून लिहितो. पाड्यावर रस्ता नाही, आजारी माणूस झोळीत घालून खाली आणावा लागतो, तिथे युडीआयडीच्या तपासणीसाठी नंदुरबारला नेणं म्हणजे घरच्यांचे दोन दिवसांचे रोज बुडणार. दिवाळीनंतर पाडेच्या पाडे ऊसतोडीला गुजरातेत जातात. अशा वेळी दिव्यांग मूल एकतर फडावर बांबूच्या पालात दिवसभर पडून असतं नाहीतर म्हाताऱ्या आजीजवळ मागे राहतं. वर्गात नाव असतं, मूल नसतं. कायद्याने तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा हक्क आहे, २०१२ च्या दुरुस्तीपासून, आणि ६ ते १८ मोफत शिक्षण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे, पण विशेष शिक्षक एक आणि पाडे डोंगरभर.

दुसरं, मूल पावरी किंवा भिली बोलतं, तपासणारे मराठीत विचारतात. एका मुलीला बोलणंच येत नाही असं लिहून आलं होतं, तीच मुलगी घरी शेळीला नावाने हाका मारते, धाकट्याला रागावते. आईला किंवा पाड्यावरच्या कोणाला बरोबर बसवून तिच्या भाषेत विचारायला लावा, हा आग्रह प्रत्येकाने धरायला पाहिजे. खाली अहिराणीवाल्यांनी सुद्धा.

आणि आमच्याकडे सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, खूप. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत तो पण आहे, हे लोकांना माहीत नसतं. एकाच घरात सिकलसेल आणि बौद्धिक दिव्यांग दोन्ही असलेलं मूल बघितलंय, दुखतंय हे त्याला सांगता येत नाही, नुसतं डोकं आपटतं आणि लोक म्हणतात बाहेरचं झालंय, भगताकडे न्या. अचानक वागणं बदललं तर आधी दुखणं शोधा, कान, दात, पोट, सगळं. हे सगळ्याच मुलांना लागू आहे.

पांझरेकाठची_बाई :
मास्तर, शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे. निम्म्या वेळा मुलाचं आपटणं, चावणं, ओरडणं बद्धकोष्ठतेने किंवा किडलेल्या दाताने असतं.

जामनेरचे_आप्पा :
मी ६८ वर्षांचा आहे. मुलगा ४१. बायको वारली. दुसरं मूल नाही. तुमचं गावात सोय वगैरे वाचलं, चांगलं आहे, पण माझ्यासारख्याने काय करायचं. शेजारी चांगले आहेत पण शेजारी दोन तास बसतील, रात्री कोण झोपेल त्याच्याजवळ. मला कायमची सोय पाहिजे आणि मला ती मी असतानाच करायची आहे. रात्री झोप येत नाही या विचाराने.

तापीकाठची_लेक :
आप्पा, तुम्हाला नाही कसं म्हणू. तुमच्यासाठी राहण्याची सोयच हवी. मी वर लिहिलं ते जिथे घरात अजून माणसं आहेत त्यांच्यासाठी. जळगावला केशवस्मृती प्रतिष्ठानचं आश्रय माझे घर आहे, १८ वर्षांवरच्या मुलांसाठी, आधी तिथे जाऊन बघून या. नाशिकला प्रबोधिनी ट्रस्ट १९७७ पासून या मुलांसाठी काम करतेय, तिथले लोक सल्ला नीट देतात, फोन करून जा. जागा बघायला जाल तेव्हा ऑफिसात बसून परत येऊ नका, जेवणाच्या वेळेला जा, मुलांना कोण भरवतं कसं भरवतं बघा, संडास बघा, रात्री किती माणसं असतात विचारा, तुम्हाला न सांगता कधीही भेटायला येता येईल का हे विचारा. या शेवटच्याला नाही म्हणाले तर ती जागा नको.

आणि मुलाला घेऊन जा. त्याला बघू दे. माझ्या भावाला आम्ही विचारतो, त्याला शब्द कमी आहेत पण आवडलं नाही तर तो दारातच बसतो, उठतच नाही. ४१ वर्षांच्या माणसाला त्याच्या घराबद्दल विचारायलाच हवं.

भुसावळ_जंक्शन :
आप्पा, एलएलसीचं पालकत्व लगेच करून घ्या. आणि तुमच्या पश्चात पालक कोण व्हावं, पुतण्या भाचा कोणीही, त्याच्याशी आत्ताच बोला. शेतजमीन किंवा घर थेट मुलाच्या नावे करण्याआधी चांगल्या वकिलाकडून खासगी ट्रस्टची माहिती घ्या, म्हणजे पैसा त्याच्यासाठीच वापरला जाईल आणि कोणी फसवून अंगठा घेणार नाही. आमच्या नात्यात अंगठा घेऊन वावर गेलंय, म्हणून सांगतो. जामनेर लांब नाही, मी येतो, दोघे मिळून अर्ज भरू.

जामनेरचे_आप्पा :
या. जेवायलाच या.

केळीबाग_वहिनी :
एक विचारायचं होतं, इथे विचारू की नको असं झालं. मुलगी १३ ची, मध्यम बौद्धिक दिव्यांग, नुकतीच पाळी सुरू झाली. कपडे काढून टाकते, कुठेही. जवळच्याच एका माणसाने सुचवलं की पिशवी काढून टाका, सगळा त्रास जाईल, आणि काही झालं तरी भीती नाही. सासरचे पण तेच म्हणायला लागलेत.

पांझरेकाठची_बाई :
वहिनी, नाही. कृपया नाही करायचं. बरं झालं विचारलंत. २०१६ च्या कायद्यात स्पष्ट आहे की तिच्या स्वतःच्या मोकळ्या संमतीशिवाय मूल न होण्याची कुठलीही शस्त्रक्रिया करता येत नाही. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मुलींच्या पिशव्या काढल्या होत्या, केवढा गदारोळ झाला होता देशभर, तेव्हापासून आम्ही हे सांगत आलोय. आणि "काही झालं तरी भीती नाही" याचा अर्थ काय होतो बघा, तिच्यावर अत्याचार झाला तर तो कळणार नाही एवढंच. त्याने ती सुरक्षित होत नाही, करणारा सुरक्षित होतो.

पाळीचं शिकवता येतं आणि १३ ची मध्यम मुलगी नक्की शिकते, वेळ लागतो. पाळी नसतानाच सुरुवात करा. रोज संध्याकाळी एका ठराविक जागी, मोरीतच, कोरडं पॅड चड्डीला लावायचं काढायचं, तुमच्या हातावर तिचा हात ठेवून. थोडं लाल पाणी टाकून दाखवा, हे दिसलं की बदलायचं. वापरलेलं कागदात गुंडाळून त्याच एका डब्यात. चड्डी घट्ट बसणारी, आतून आणि वरून. फ्रॉकऐवजी सलवार, नाडी नको, इलॅस्टिक. कॅलेंडरवर तिलाच लाल टिकली लावायला द्या, मुलींना ते आवडतं. पोट दुखत असेल तर ती कपडे काढून तेच सांगत असेल, तेही बघा. आणि त्याबरोबरच अंगाला कोणी कुठे हात लावायचा नाही, लावला तर ओरडायचं आणि आईकडे यायचं, हे पण शिकवायचं, घरातल्या माणसांबद्दल सुद्धा.

रावेरकर_आई :
वहिनी, तुमच्या भागातलीच दिसतेय मी. मला मेसेज करा. सासूबाईंशी मी बोलते येऊन, माझ्या मुलीच्या वेळी मला पण हेच सुचवलं होतं सगळ्यांनी. मी नाही केलं. जमतं.

केळीबाग_वहिनी :
करते. रडू आलं वाचून. धन्यवाद सगळ्यांना.

पाचोरेकर_पुण्यात :
जागेचा विषय राहिला. दिवसा जायची जागा म्हणताय तर ती कुठे आणि कशातून? ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात ना?

आशाताई_साक्री :
असतात. बऱ्याच गावात मार्चअखेर घाईघाईने थोडे थोडे रोख वाटून मोकळे होतात किंवा कोणाला काय दिलं कळतच नाही. ग्रामसभेत लेखी मागा, मागच्या वर्षी ५ टक्के किती झाले आणि कुठे गेले. पुढच्या वर्षी त्यातून समाजमंदिराची खोली दुरुस्त करा, रॅम्प आणि कमोड करा, पंखा लावा असा ठराव घ्या. आमच्या गावात ठराव घ्यायला तीन ग्रामसभा लागल्या. पहिल्या वेळी हसले. आम्ही पुढच्या वेळी सगळ्या आया मुलांना घेऊनच गेलो, पुढच्या रांगेत बसलो. खोली मिळाली, कमोड अजून बाकी आहे.

तापीकाठची_लेक :
ताई, मुलांना घेऊन पुढच्या रांगेत बसलात हे फार आवडलं! तिथे मुलं काय करतात दिवसभर?

आशाताई_साक्री :
दिवसभर नाही, ११ ते २. सध्या सात जण येतात. कापसाच्या वाती करतात, दोन जणांना जमतं, बाकीचे सरकी काढून देतात, एक जण नुसता मोजतो, चुकीचं मोजतो पण मोजतो. एक मुलगी आडवीच असते, तिच्या गादीजवळच बसून सगळे काम करतात, तिला आवाज आवडतात. आळीपाळीने दोन आया थांबतात, बाकीच्या घरी. वाती मंदिराबाहेरचा दुकानदार घेतो. पैसे थोडेच मिळतात पण पोरं पैसे घरी नेतात.

संजय गांधी निराधार योजनेचं पण सांगते. दिव्यांगांना महिन्याला १५०० चे २५०० केलेत २०२५ च्या ऑक्टोबरपासून, तहसीलला अर्ज. उत्पन्नाच्या दाखल्याची अट दिव्यांगांसाठी ५० हजार आहे. आधार बँकेला जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात. ज्या मुलांचे बोटांचे ठसे येत नाहीत किंवा डोळे स्थिर राहत नाहीत त्यांचं आधार अपवाद म्हणून काढून मिळतं, केंद्रावाला परत पाठवतो पण तशी सोय आहे, अडून बसा.

झोका_आखाजीचा :
वाती आम्हीन बी करू शकतस. कपाशी तर घरनीच शे. आजीले इचारस मी, ती शिकाडी.

तापीकाठची_लेक :
मग असं करू या का. रावेर-यावल-भुसावळच्या आयांना भरवणं, कूस बदलणं, फिट हे शिकवायला पांझरेकाठच्या ताई येतायत, त्याची तारीख रावेरकर ताई ठरवून इथेच टाकतील, कापूस वेचणीची गडबड संपल्यावरची बघा म्हणजे शेतकरी घरातल्या बाया येऊ शकतील. भुसावळचे काका जामनेरला आप्पांकडे जातील तेव्हा त्या बाजूचे अजून कोणाचे एलएलसीचे अर्ज असतील तर त्याच दिवशी तिथेच या, आधार, युडीआयडी, मुलाचे आणि पालकांचे फोटो, रेशनकार्ड बरोबर ठेवा. चोपडा-शिरपूर-अमळनेरसाठी मी आणि माझी आई, आम्ही अमळनेरला एक हॉल बघतोय, तळमजल्याचा, मागे मोरी असलेला. माझ्या गाडीत शिरपूरहून तिघांची जागा आहे आणि मागे व्हीलचेअर घडी घालून बसते. ज्यांना यायचंय त्यांनी मुलाला पायऱ्या चढता येतात का, जेवण कसं लागतं आणि कशाने घाबरतं एवढं मेसेजमध्ये लिहा. फटाके, मिक्सर, कुत्रं, काहीही असो. माझ्या भावाला बँडचा आवाज चालत नाही, त्यामुळे लग्नाची तिथ टाळूनच दिवस धरते.

सातपुडा_मास्तर :
आमच्या वरच्या पाड्यांवरून अमळनेर जमणार नाही. पण शहाद्याला कोणी शिकवायला आलं तर मी चार-पाच घरं खाली आणतो, ऊसतोडीला निघायच्या आधी.

पांझरेकाठची_बाई :
शहादा मला जवळ आहे. दिवाळीच्या आधीचा आठवडा सांगा. दुभाषा म्हणून पावरी बोलणारी एखादी बाई बरोबर ठेवा, आईच असली तर उत्तम.